दडपणे म्हणजे काय, आणि कोणी कोणास?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्या भाषेतले काही शब्द गरिबाच्या चुलीपासून सरकारच्या कचेरीपर्यंत सगळीकडे फिरत असतात. ‘दडपणे’ हा त्यांपैकी एक. घरची बाई पातळ पोह्यांत ओले खोबरे व कांदा मिसळते, वर झाकण ठेवून घटकाभर दाबून ठेवते आणि म्हणते, दडपे पोहे केले. शेतकरी ढेकळाखाली बी दडपतो. वैद्य खोकला दाबतो. वकील कोर्टापुढची हकीगत दडपतो. पुढारी चौकशी दडपतो. फौजदार मोर्चा दडपतो. शब्द एकच, पण पोह्यांवरचे झाकण आणि माणसाच्या तोंडावरचा हात या दोन गोष्टी एक होतील काय?

ज्यांना लोकांना दाबून ठेवावयाचे असते, त्यांची सारी मदार शब्दांच्या या घोळावर असते. ते कधी म्हणत नाहीत की आम्ही तुम्हांस दडपतो. ते म्हणतात, आम्ही बंदोबस्त करतो, शिस्त लावतो, मर्यादा राखतो, शांतता ठेवतो. ऐकणारा भोळा असला तर त्याला वाटते, खरेच की, घर म्हटले म्हणजे थोडा दाब हवाच. तेव्हा आज आपण हा शब्द निवडून पाखडून पाहू. दाणा कोणता आणि फोल कोणते, हे एकदा कळले म्हणजे पुढे फसवणूक होणार नाही.

प्रथम चूल घेऊ. काडेपेटी महाग होती त्या काळी आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेने झाकून ठेवीत. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की विस्तव तयार. तो निखारा दबलेला होता खरा, पण तो विझू नये म्हणून दाबला होता. त्याला सकाळ दाखवावयाची होती. आता खळ्यावर या. मळणीला बैल जुंपला म्हणजे त्याच्या तोंडाला मुसके बांधतात. का? तर ज्या कणसांवर तो दिवसभर पाय आपटतो त्यांतला एक घासही त्याच्या पोटात जाऊ नये. मुसके हे बैलाच्या भल्यासाठी नसते, ते धान्याच्या मालकाच्या भल्यासाठी असते. राख आणि मुसके ही दोन ध्यानात ठेवा. जगातील सारे दडपणे या दोहोंपैकी कोणत्यातरी एकाच्या जातीचे असते.

शेतातही हे दोन्ही प्रकार आहेत. ऊस तुटून गेल्यावर शहाणा शेतकरी पाचट पेटवीत नाही. तो ते सरीत पसरतो. पाचटाखाली तणाला ऊन मिळत नाही, म्हणून ते दबते. जमिनीची ओल टिकते आणि कुजलेले पाचट खोडव्याच्या कामी येते. हे दडपणे पिकाच्या हिताचे झाले. परंतु लव्हाळ्याची गोष्ट निराळी. तो वरून कितीही खुरपला तरी जमिनीत त्याच्या गाठी शाबूत असतात. आठ दिवसांनी पाहावे तर तो पुन्हा हजर. वरचे पान कापले म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्याची मजुरी फुकट जाते. राज्यकर्त्यांनी हा धडा लव्हाळ्यापासून कधीच घेतला नाही.

आणि उसाची लावण करणाऱ्या आपल्या कोल्हापुरी शेतकऱ्याला तर दडपण्याचे सर्वांत मोठे गुपित ठाऊक आहे, फक्त त्याने त्याचा अर्थ लावलेला नाही. अख्खा ऊस आडवा करून सरीत पुरला तर काय होते? शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि बुडख्याकडचे बहुतेक तसेच पडून राहतात. ते डोळे मेलेले नसतात. शेंड्याकडे ऑक्झिन नावाचे एक द्रव्य तयार होते, ते खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. म्हणून आपण काय करतो? उसाचे तुकडे करतो. दोन डोळ्यांची, तीन डोळ्यांची कांडी लावतो. शेंड्याशी असलेला सांधा तुटला की जो डोळा निकामी समजला होता त्यालाही कोंब येतो. हरभऱ्याचे शेंडे खुडतात तेही याचसाठी. शेंडा खुडला म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात व घाटे वाढतात. बुडख्याकडच्या डोळ्यात जीव नाही असे म्हणणारा माणूस शेतकरी नव्हे. त्याने लावण पाहिलेलीच नाही.

आता दवाखान्यात चला. ताप आला की गोळी घेतो, ताप उतरतो. परंतु ताप हा रोग नव्हे, तो रोगाची वर्दी आहे. वर्दी देणाऱ्याला गप्प केले म्हणून चोर पळाला असे होत नाही. क्षयाच्या रोग्याला औषध सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत खोकला कमी होतो, अंगात ताकद येते. मग तो म्हणतो, बरा झालो, आता कशाला गोळ्या? साधारण सहा महिन्यांचा क्रम तो दोन महिन्यांत सोडतो. आतले जंतू दबलेले असतात, मेलेले नसतात. ते पुन्हा उठतात तेव्हा कित्येकदा जुन्या औषधाला दाद देत नाहीत. उलट, ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले आहे, त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती डॉक्टर मुद्दाम दाबून ठेवतात, नाही तर शरीर ते मूत्रपिंड परके म्हणून नाकारते. ही औषधे त्याला बहुधा जन्मभर घ्यावी लागतात व इतर रोगांचा धोका वाढतो. पण येथे रोग्याला आधी सर्व सांगितलेले असते, त्याची संमती घेतलेली असते, आणि जीव वाचतो तोही त्याचाच.

कोर्टातही हा शब्द आहे. दाद मागावयास गेलेल्या माणसाने महत्त्वाची हकीगत दडपली असे उघड झाले, तर न्यायाधीश त्याला हात हलवीत परत पाठवू शकतात. म्हणजे न्यायाच्या घरी खरे दडपणे हा अपराध आहे. आणि हाच अपराध कचेरीत झाला तर त्यास गोपनीयता म्हणतात! आपल्याच जमिनीचा कागद आपल्याला पाहू न देणारे कारकून आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. दहा रुपयांच्या अर्जावर कचेरीतला कागद मागता येतो, हे अजूनही किती घरांना ठाऊक आहे? कायद्याची माहिती दडपली गेली, तर माहितीचा कायदा असून नसून सारखाच.

इतके फिरून झाल्यावर कसोटी आपोआप हाती येते. कोणीही दाबावयास आला की त्याला तीन सवाल टाकावे. पहिला, हे कोणाच्या भल्यासाठी, दाबणाऱ्याच्या की दबणाऱ्याच्या? दुसरा, हे किती काळ चालणार, घटकाभर की पिढ्यान्‌पिढ्या? तिसरा, ज्याला दाबावयाचे त्याला विचारले काय, आणि त्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक आहे काय? दडपे पोहे, राखेतला निखारा, रोग्याचे औषध या कसोटीला उतरतात. मुसके उतरत नाही. आता आपल्या कोल्हापूरच्याच गोष्टी या कसोटीला लावून पाहू.

१८४४ साली करवीर राज्यातल्या गडकऱ्यांनी सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवर उठाव केला. हे गडकरी म्हणजे किल्ल्याची चाकरी करून वतनी जमीन कसणारे लोक. इंग्रजांच्या तंत्राने चालणाऱ्या कारभाराने त्यांच्या जमिनीच्या व्यवस्थेत हात घातला, तेव्हा त्यांनी हत्यार उचलले. तोफा आल्या, उठाव मोडला, पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला. गाऱ्हाणे मात्र कोणी ऐकले नाही. तेराच वर्षांनी, ३१ जुलै १८५७ रोजी, कोल्हापुरातल्या सत्ताविसाव्या पलटणीच्या शिपायांनी बंड केले. तेही मोडले आणि छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना दूर कराचीस नेऊन ठेवले. ते परत आलेच नाहीत. मोडणाऱ्यांच्या कागदांत या सगळ्याला ‘शांतता प्रस्थापित झाली’ असे म्हणतात. लव्हाळा खुरपला, गाठी राहिल्या.

बंड करणाऱ्याला दाबले, एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर एक वेळ चालले असते. पण ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांना जन्मतःच दाबण्याची युक्तीही निघाली. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने जातीच्या जाती चोर ठरल्या. आपल्याकडे मांग, महार, रामोशी, बेरड यांना गावात हजेरी द्यावी लागे. रोज पाटलापुढे वा चौकीत जाऊन मी गावात आहे असे सांगावयाचे. बाजाराला जावयाचे, पाहुण्याकडे जावयाचे, तरी परवानगी. गैरहजर राहिला की तोच गुन्हा. पाळण्यातल्या पोराच्या कपाळी हा शिक्का बसे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर राज्यात या जातींची हजेरी बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांना जग चोर म्हणत होते त्यांना आपल्या पदरी राखणदारीची कामे दिली. महाराजांचा हिशोब साधा होता, पोटाला मिळाले तर माणूस चोरी कशाला करील? स्वतंत्र भारताला तो जुना कायदा रद्द करावयास १९५२ साल उजाडले. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्याच्या पालाची, ही कागदावर नसलेली हजेरी आजही सुटलेली नाही. आणि ती झडती घेताना टाळ्या पिटणाऱ्यांत आपणही असतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाही तर आमची कसोटी खोटी ठरेल. दडपशाही आपल्या माणसावर झाली तर जुलूम आणि परक्यावर झाली तर बंदोबस्त, असे मोजमाप आम्हांस मान्य नाही. कोल्हापूरचे विष्णु गोविंद विजापूरकर हे ब्राह्मण, वेदोक्ताच्या तंट्यातल्या ब्राह्मणेतर पक्षाशी त्यांचे जमणे शक्य नव्हते. त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात आलेल्या एका लेखावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना तुरुंग भोगावा लागला. लेखासाठी संपादकाला तुरुंग, ही दडपशाहीच होती. १९३९ साली प्रजा परिषदेने कोल्हापूर संस्थानात जबाबदार राज्यपद्धती मागितली, तेव्हा सत्यशोधकी घरात वाढलेले माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांना त्याच संस्थानाने तुरुंग दाखविला. ज्या गादीवर शाहू महाराज बसले होते त्या गादीच्या नावाने हे झाले, म्हणून ते चांगले होते काय? आणि १९७५ च्या जून महिन्यात आणीबाणी आली, वर्तमानपत्रांच्या मजकुरावर सरकारी कात्री चालू लागली, तेव्हा डिसेंबरात शेजारच्या कराडास साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. तुरुंगाचे दार उघडताना कोणाचे गोत्र पाहत नाही. मग आपण तरी निषेध करताना गोत्र का पाहावे?

सरकारच्या दडपशाहीला निदान आवाज असतो. लाठी दिसते, बेडी वाजते. समाजाची दडपशाही मुकी असते, म्हणून ती अधिक खोल जाते. कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण पहा. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानास जात. त्यांचा भटजी मंत्र म्हणे ते वेदोक्त नव्हेत, पुराणोक्त. बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी हे लक्षात आणून दिले. शास्त्रीबुवा स्वतः ब्राह्मण, पण खरे बोलणारे. महाराजांनी विचारता उत्तर मिळाले, शूद्राला पुराणोक्तच! राज्याच्या धन्याला त्याच्याच राज्यातला पगारी भटजी हे सांगतो. तलवार नाही, लाठी नाही, नुसता एक मंत्र अडवून धरला. जेथे छत्रपतीची ही गत, तेथे गावच्या कुणब्याची आणि वेशीबाहेरच्या महाराची काय गत असेल, हे सांगावयास नको. राजोपाध्यांनी वेदोक्त करण्याचे नाकारले. महाराजांनी त्यांचे वतन जप्त केले. तंटा पुष्कळ वर्षे चालला.

महाराजांची थोरवी अशी की त्यांनी स्वतःपुरता मंत्र मिळवून समाधान मानले नाही. त्यांना उसाच्या कांडीचे गुपित समजले होते. १८९४ साली त्यांच्या हाती राज्य आले तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. शेंड्याकडचे डोळे फुटलेले, बुडखा गप्प. लोक म्हणत, बाकीच्यांत लायकी नाही. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला की पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांच्या लोकांनी भराव्या. वसतिगृहे काढली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ साली कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, म्हणजे गावाचे दप्तर एका घराच्या कोनाड्यातून बाहेर आले.

कोणी म्हणेल, दंड ठेवणे ही सक्ती नव्हे काय? एका बाजूला दडपशाहीला शिव्या आणि दुसऱ्या बाजूला सक्तीचे पोवाडे, हे कसे? सवाल रास्त आहे. त्याला आमचा जबाब असा की, लावा तीन सवाल. सक्ती कोणाच्या भल्यासाठी? पोराच्या. किती काळ? ते चार अक्षरे शिकेतो. आणि ज्याला विचारावयाचे ते पोर लहान आहे, ते शिकून मोठे झाले की त्याला हवा तो प्रश्न, खुद्द राजालाही, विचारता येईल. ज्या दाबातून दबलेल्याला शेवटी तोंड फुटते तो दाब राखेचा. ज्यातून तोंड कायमचे बंद होते तो मुसक्याचा. हा फरक समजला की निम्मा वाद मिटतो.

बंदी घालणे ही दडपण्याची ओबडधोबड रीत. त्याहून सफाईची रीत म्हणजे अनुल्लेखाने मारणे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. कोणी जाळले नाही, कोणी बंदी घातली नाही. नुसते बाजूला ठेवले. ते छापून लोकांपुढे यावयास १९७९ साल लागले, म्हणजे सव्वाशे वर्षे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ हे पुस्तक छापले. त्यानंतर त्याचे नाव पुसल्यासारखे झाले. १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. या मधल्या काळात किती मुली शिकल्या, किती सभा झाल्या, किती व्याख्याने झाली! आपल्या आधी एक बाई हे सगळे बोलून गेली आहे हे त्यांना कळलेच नाही. ज्याचे बोलणे दडपले जाते त्याचे नुकसान होतेच, पण जो ऐकणार होता त्याचे नुकसान अधिक होते, कारण आपले काय गेले हेही त्याला ठाऊक नसते. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली आपल्या पत्राला ‘मूकनायक’ हे नाव दिले, त्यातले मर्म हेच. आणि त्या पत्राला अडीच हजार रुपये देणारा हात कोल्हापूरचा होता.

जेथे अनुल्लेखाने माणूस मरत नाही, तेथे गोळीने मारतात. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी आपल्याच शहरात फिरावयास निघालेल्या गोविंदराव पानसरे व त्यांच्या पत्नी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेस पानसरे गेले. पत्रकावर पत्रक काढून, गावोगाव व्याख्याने देऊन शिवाजी महाराज रयतेचे राजे कसे होते हे सांगणारा हा म्हातारा माणूस. त्यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे छोटे पुस्तक आजही छापले जाते व खेड्यापाड्यांत वाचले जाते. मारणाऱ्यांनी लव्हाळ्याचे पान कापले.

आता कारागिरांकडे वळू, कारण त्यांचे दडपले जाणे कोणाच्या खिजगणतीत नसते. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीने आपल्या नव्या मालाचा देखावा मांडला. त्यात आपली कोल्हापुरी चप्पल जशीच्या तशी. कोल्हापूरचे नाव मात्र कोठे नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरीही हे झाले. इकडे ओरड झाली, तेव्हा हिंदुस्थानातील हस्तकलेवरून आम्ही हे घेतले, असे कंपनीने कबूल केले. ओरड झाली हे ठीकच झाले. पण आम्ही एक कडू प्रश्न विचारतो. मिलानने कोल्हापूरचे नाव दडपले म्हणून आपण चिडलो. चपलेवर कोल्हापूरचे नाव आहे, पण ज्या ढोराने कातडे कमावले आणि ज्या चांभाराने, त्याच्या बायकोने, वेणी घातली, त्यांची नावे आपल्या दुकानांत कोठे असतात? हजारात विकल्या जाणाऱ्या जोडातले त्यांच्या घरी किती पोचते? ज्यांना शतकानुशतके आपण गावकुसाकडे लोटले त्यांच्या हातची वस्तू आपल्या शहराची शान झाली, आणि शान वाटून घेताना हात विसरला. परदेशी सावकाराने केले ती चोरी, मग घरच्याने केले त्याला काय म्हणावे?

आणि शेवटी उंबऱ्याच्या आत. येथे पुष्कळ सत्यशोधकांची जीभ अडखळते. शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, पुढे १९१९ साली बायकांना होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा केला. शंभर वर्षे होऊन गेली. तरी नवरा गेला की त्याच्या प्रेतापुढे बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे चालूच राहिले. भट आला नाही तरी हे चालते. हे करणारे हात आपल्याच भावकीतले, कित्येकदा बायकांचेच. मे २०२२ मध्ये आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की ही प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. हा ठराव कोणा राजाने केला नाही, दिल्लीच्या पार्लमेंटाने केला नाही. उसाच्या व सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या गावाने केला. हेरवाडचे नाव अभिमानाने घ्यावे. पण मग प्रत्येकाने स्वतःला विचारावे, आमच्या गावचा ठराव कधी? आणि झाला असेल तर पाळतो काय?

याहून काळी गोष्ट आकड्यांत आहे. २००१ च्या शिरगणतीत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात मुली होत्या अवघ्या ८३९. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता. पाणी भरपूर, साखर कारखाने, दूध संघ, घरोघर पैसा आणि शाहू महाराजांचा फोटो भिंतीवर. आणि त्याच भिंतीआड मुलगी जन्माआधीच दडपली गेली. गर्भाचे लिंग तपासण्याविरुद्ध कायदा १९९४ सालीच झाला होता. तो दडपून ठेवण्यास डॉक्टर, सासू, बाप सगळे एक झाले. येथे जात आड आली नाही, पक्ष आड आला नाही. ज्याला हुंकारही देता येत नाही अशा जिवाची ही मुस्कटदाबी. पुढे यंत्रांवर नजर ठेवण्याची व्यवस्था झाली, लोक बोलू लागले, आकडा काही सुधारला. परंतु ज्या मुली आल्याच नाहीत त्यांची हजेरी कोण घेणार?

तसेच भावकीचा व जातपंचायतीचा बहिष्कार. पोरीने मनासारखे लग्न केले, कोणी पंचांचा निवाडा मानला नाही, की त्या घराशी बोलणे बंद, पाणी बंद, लग्नाकार्याला बोलावणे बंद. या सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. ज्या हत्याराने आपल्याला हजारो वर्षे वाळीत टाकले तेच हत्यार आपण घासूनपुसून आपल्याच लेकरांवर चालवावे, यापरते लाजिरवाणे काय?

बंधुभगिनींनो, दडपणाऱ्याचा एक मोठा आधार असतो. दबलेल्याला वाटते की मी एकटाच दबलो आहे, आणि त्याच्याही हाताखाली दाबावयास कोणीतरी सापडते. मालक गड्याला दाबतो, गडी बायकोला, बायको सुनेला, सून पोरीला. वरच्याचा हात झटकावयाचा आणि खालच्याचे नरडे सोडावयाचे नाही, असा लढा आजवर कोणी जिंकलेला नाही. म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरातल्या कोणाचे बोलणे आपण मध्येच तोडतो, गावातल्या कोणाच्या घरी आपण चहा पीत नाही, ग्रामसभेत कोणता प्रश्न विचारावयाचा राहून गेला, याचा हिशोब मांडा. ग्रामसभेला जा, बाईमाणसाला सोबत न्या, तिला बोलू द्या. कागद दिसत नसेल तर अर्ज करा. गावात विधवेचे कुंकू पुसावयास कोणाचा हात उठला तर तो धरा.

पुढल्या लावणीला कांडी हातात घ्याल तेव्हा बुडख्याकडच्या डोळ्याकडे नीट पहा. त्यात जीव आहे. सांधा तोडा, माती द्या, पाणी द्या, तो फुटतो.